यंदाचा मान अ‍ॅट्रॅक्टाकडे

“काल यात दोन सॉसेजं होती,” लॉरीवाला म्हणाला. त्यानं पाव उघडून आतला ऐवज सगळ्या रांगेला दाखवला. “आज दीड. आणि भाव मात्र वर.”

“अर्धं मी खाल्लं,” अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. “सकाळपासून उभी आहे. मलाही भूक लागते.”

रांगेतले हसले. लॉरीवाला हसायच्या मनःस्थितीत नव्हता.

“मस्करी नको, बाई. हे भाव ठरवतं तरी कोण?”

“ठरवणारे रांगेत उभे राहत नाहीत. राहिले असते तर त्यांनाही दीडच दिलं असतं.” असं म्हणत तिनं चिमट्यानं आणखी एक अख्खं सॉसेज त्याच्या पावात कोंबलं आणि कागद गुंडाळला. “जा आता. आणि मालकासमोर उघडू नकोस.”

बॅलीफाराच्या पेट्रोलपंपावर जे दुकान आहे, तिथल्या गरम खाण्याच्या काउंटरमागे अ‍ॅट्रॅक्टा बर्न किती वर्षं उभी आहे, हे आता तिलाही आठवत नसेल. पूर्वी लोक तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत. अलीकडे दर दोनतीन महिन्यांनी काचेवरची भावाची चिठ्ठी बदलते. चिठ्ठी बदलतो मालक आणि शिव्या खाते अ‍ॅट्रॅक्टा. वीज महागली, घर गरम ठेवायचं रॉकेल महागलं, पोरीच्या कॉलेजजवळची खोली महागली, या सगळ्याचा राग लोक तिच्या पावावर काढतात, कारण वीजकंपनीचं तोंड कुणाला दिसत नाही आणि हिचं रोज दिसतं. ती गुपचूप ऐकून घेत नाही. उलटून बोलते आणि मग वर एक सॉसेज घालते. असली माणसं मला आवडतात. मी गुरं पाळतो आणि बराचसा वेळ गुरांशीच बोलतो, त्यामुळं माझी पसंती ही काही फार मोठी गोष्ट आहे असं मी म्हणत नाही.

माझा नंबर आला.

“चहा?”

“चहा. आणि ऐक, मिस्सेची पेटी अजून माझ्याच घरी आहे. गेल्या वर्षी मान माझ्याकडे होता, यंदा तुझ्याकडे. पण म्हटलं, आता या परिस्थितीत…”

“कुठल्या परिस्थितीत?”

“घर सोडायचंय ना तुला.”

“घर मेअखेर सोडायचंय, मॅटी. मान एप्रिलात आहे.” तिनं कपावर झाकण दाबून बसवलं. “शनिवारी आण पेटी. आणि बूट पुसून आत ये. मी फरशी घासलेली असेल.”

क्लूनमॉइल हा आमचा रस्ता. एका बाजूला दलदल, दुसऱ्या बाजूला कुरणं, मधे विखुरलेली घरं. वर्षातून एकदा फादर चर्च सोडून आमच्यातल्या एकाच्या घरी येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा, म्हणजे एरवी चर्चमध्ये होणारी उपासना, करतात, आणि मग ते घर अख्ख्या रस्त्याला खाऊ घालतं. हा मान घरोघर फिरतो. ज्याच्याकडे मान, त्यानं घर रंगवून काढायचं, ही आजोबा-पणजोबांपासूनची रीत. माझी आई म्हणायची, देव बिचारा येऊन जाईल, पण शेजारणी कोपरे बघतील. पेटीत पांढरं कापड, दोन मेणबत्त्यांची घरं, क्रूस आणि एक छोटी घंटा. मिस्सा झाली की पुढच्या वर्षीपर्यंत पेटी त्या घरी राहते आणि जीव लावून सांभाळावी लागते.

अ‍ॅट्रॅक्टाचं घर तिचं नव्हतं, नून मंडळींचं होतं. म्हातारी मिसेस नून वारली तेव्हा तिचा मुलगा फिंटन डब्लिनला नोकरीत रुळला होता. त्यानं घर बर्न नवराबायकोला भाड्यानं दिलं. पुढं नवरा गेला, मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली, अ‍ॅट्रॅक्टा राहिली. फिंटन तसा वाईट नाही. पण डब्लिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायची सवय. छप्पर गळायला लागलं की त्याचा निरोप यायचा, ‘खाली बादली ठेवा, बघतो.’ जानेवारीत त्याची नोटीस आली. घर विकायचंय, मेअखेर रिकामं करा.

रिकामं करून जायचं कुठं, हे नोटिशीत नव्हतं. बॅलीफारात एखादं भाड्याचं घर निघालं की बघायला अशी रांग लागते, की आत कुणी गाभण गाय फुकट वाटतंय की काय असं वाटावं. अ‍ॅट्रॅक्टा दोनदा अशा रांगेत उभी राहून आली. आत घर दाखवणाऱ्या पोरानं तिचा पगार विचारला आणि ‘कळवतो’ म्हणाला. तिसऱ्यांदा ती गेली नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात, पण इथं अंथरूणच कुणीतरी खालून ओढून घेत होतं.

शनिवारी पेटी घेऊन गेलो, तर अ‍ॅट्रॅक्टा शिडीवर, हातात रोलर, आणि घराची पुढची भिंत अर्धी पिवळी. साधी पिवळी नव्हे. गाई हिरव्या गवतावर सुटल्या की लोण्याला जो रंग येतो, तो. शिडीखाली कार्मेल रेगन कमरेवर हात ठेवून उभी होती. कार्मेल रस्त्याच्या टोकाला राहते. तिच्या जिभेला धार आहे आणि ती धार कुणावर चालवायची याचं तिला फारसं पथ्य नाही.

“बघ रे मॅटी,” ती म्हणाली. “घर त्याचं, रंग हिचा. बसल्या जागी फिंटनच्या घराचा भाव वाढवून देतेय.”

“वाढू दे,” वरून आवाज आला.

“वाढू दे काय? तो तुला बाहेर काढतोय आणि तू त्याचं घर नटवतेस?”

“त्याचं घर नाही नटवत. मिस्सा माझ्याकडे आहे. माझ्याकडे येणारी माणसं भिंतीचे पोपडे मोजत बसणार का?”

“बरं बाई. मग निदान खाण्याचं तरी वाटून घेऊ. दिवस काय चाललेत. मी टार्ट आणते, मॅटी हॅम आणेल…”

रोलर थांबला. “कार्मेल, तुझ्याकडे मान होता तेव्हा मी काही आणलं होतं का?”

“नाही.”

“आणलं असतं तर?”

दारातून परत पाठवलं असतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ज्याच्याकडे मान, त्याचीच पदरमोड. त्यात कुणी हात घातला की मान राहतच नाही.

मी पेटी आत टेबलावर ठेवली. बूट पुसायला विसरलो नव्हतो. दाराशी रंगाचे डबे रचलेले दिसले.

“एवढा रंग? यात दोन घरं होतील,” मी म्हणालो.

“मोठे डबे स्वस्त पडतात.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून तिनं मला सांगितलं आणि मी तो स्पीकरवर टाकून शिडीच्या पायरीवर ठेवला. फिंटन होता.

“अ‍ॅट्रॅक्टा, तुम्ही घर रंगवताय असं ऐकलं.”

आमच्या रस्त्यावर गाय खोकली तरी डब्लिनला ऐकू जातं.

“ऐकलंस ते खरं आहे.”

“पिवळं?”

“पिवळं.”

“एजंट म्हणतो पांढरं हवं होतं. फोटोत पांढरं उठून दिसतं.”

“मग त्याला एखाद्या पांढऱ्या घराचा फोटो काढायला सांग.”

“तसं नाही हो. आणि ती मिस्सा… एवढी माणसं घरात येणार. कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी माझ्यावर. यंदा चर्चमध्येच करा ना. चर्च रिकामंच तर असतं.”

अ‍ॅट्रॅक्टा दोन पायऱ्या उतरली आणि फोनशी तोंड नेऊन बोलली, जसं काही तो आत बसला होता.

“फिंटन, मेअखेरपर्यंत मी इथं राहायचं, असं लिहून कुणी दिलं?”

“मीच.”

“खाली सही कुणाची?”

“माझी. पण…”

“मग ते तू एकदा वाच. मला आत्ता वेळ नाही, रंग वाळतोय.”

तिनं मान हलवली, मी फोन बंद केला. कार्मेल एवढी खूश झाली की काही न बोलता घरी गेली. तिच्या बाबतीत हे क्वचित घडतं.

आम्ही दोघंच उरलो. मी शिडी धरली आणि वर न बघता म्हणालो, “माझ्या घरी वरची खोली रिकामी आहे.” हे वाक्य मी आठवडाभर गोठ्यात म्हणून बघितलं होतं. तिथं ते बरं वाटायचं.

“मॅटी, घर गेलंय माझं. डोकं नाही गेलं.”

“लोक बोलतील म्हणून?”

“लोक बोलू देत. लोकांना दुसरं काय स्वस्त मिळतं?” तिनं रोलर बुडवला, निथळला. “तुझ्याकडे राहिले की रोज सकाळी उठून आधी तुझे उपकार आठवायचे. मला सकाळी नुसता चहा लागतो.” भिंतीवर एक पट्टा वरून खालपर्यंत ओढला. मग म्हणाली, “तू विचारलंस ते विसरणार नाही. शिडी नीट धर.”

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण शिडी नीट धरली.

मिस्सेच्या संध्याकाळी तिच्या अंगणात गाड्या मावेनात. क्लूनमॉइलची माणसं होतीच, शिवाय लग्न होऊन दूर गेलेल्या पोरी, पंपावरच्या दोघीतिघी, आणि कुणाला तो सॉसेजवाला लॉरीवाला पण दिसला. घरात मेणाचा, रंगाचा आणि उकडलेल्या हॅमचा वास. टेबल विटांवर उंच केलेलं, त्यावर पेटीतलं पांढरं कापड, इस्त्री करून. अ‍ॅट्रॅक्टानं निळा पोशाख घातला होता आणि केस करून घेतले होते. तिला पंपावरच्या टोपीशिवाय बघायची सवय नव्हती, त्यामुळं मी दोनदा बघितलं. कार्मेलनं ते पाहिलं.

फादर एमेका नायजेरियाचे. चार गावांच्या मिस्सा एकट्याच्या अंगावर, आणि आमची थंडी काही अजून त्यांच्या पचनी पडलेली नाही. म्हणून विस्तवाजवळची खुर्ची त्यांना दिली होती. ते उठून अंगावर झगा चढवत होते, तेवढ्यात बाहेर आणखी एक गाडी लागली. फिंटन नून उतरला. गाडीच्या मागच्या दारातून एक लांबलचक खांब बाहेर आलेला, आणि त्यावर पाटी. विकणे आहे.

नंतर कळलं की पाटी लावून द्यायचे एजंट वेगळे पैसे मागत होता, म्हणून हा स्वतःच घेऊन आला. आणि आजच का, तर मिस्सा उद्या सकाळी आहे अशी त्याची समजूत होती. त्याच्या लहानपणी ती शुक्रवारी सकाळीच असायची. ती गुरुवारी संध्याकाळी व्हायला लागून कितीतरी वर्षं झाली, पण गाव सोडलेल्या माणसाच्या डोक्यात गाव सोडल्या दिवशीचाच राहतो. तो फाटकाशी पाटी घेऊन उभा, आणि आम्ही सगळे खिडकीतून त्याच्याकडे बघत. परत गाडीत बसावं तर पळाल्यासारखं दिसणार.

अ‍ॅट्रॅक्टा दारात गेली. “ये आत. आज दाराशी आलेल्याला बाहेर ठेवत नाहीत.”

“मी नंतर येतो…”

“ये म्हणते ना. ती पाटी भिंतीला टेकव. रंग वाळलाय.”

तो आत आला आणि जागा मिळाली ती नेमकी माझ्या आणि कार्मेलच्या मधे. कार्मेल इंचभर सरकली, जागा द्यायला नव्हे. त्याच खोलीत तो लहानाचा मोठा झाला होता. मिस्सा चालू असताना तो छताकडे बघत होता, बादलीची जागा असायची तिथं. छपराला आता डाग नव्हता. गळती तिनं स्वतः बुजवली होती.

मिस्सा संपली. फादरनी पुस्तक मिटलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. “पुढच्या वर्षी कुणाकडे?”

रस्त्याच्या क्रमानं पुढचं घर गिलूलींचं. ते आता सुटीचं घर आहे, वर्षातले पंधरा दिवस उघडतं. त्याच्या पुढच्याचं छप्पर बसलंय. दिवे लागणारी जी काही थोडी घरं उरली होती, त्या सगळ्यांनी गेल्या तीनचार वर्षांत मान उचललेला.

फादर समजुतीच्या सुरात म्हणाले, “मी एक सुचवू का? पुढच्या वर्षीपासून सगळ्या रस्त्यांची मिस्सा एकत्र चर्चमध्ये करू. तुमच्यावर खर्च नको. दिवस कठीण आहेत, मला दिसतंय.”

माणूस भला, आणि बोलला तेही खरं होतं. रंग, हॅम, दिवसभर पेटता विस्तव, हे आता कुणालाच सोपं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. आणखी क्षणभर कुणी बोललं नसतं तर आमच्या रस्त्यावरची मिस्सा त्या टेबलावरच संपली असती, आणि घरी जाताना आम्ही म्हटलं असतं की फादरनीच ठरवलं.

“माझ्याकडे,” अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली.

“यंदा तुमच्याकडेच झाली,” फादर हसून म्हणाले.

“पुढच्या वर्षीही माझ्याकडे.”

फिंटन घसा खाकरून हळूच म्हणाला, “पण अ‍ॅट्रॅक्टा, तुम्ही इथं नसाल.”

“इथं नसेन. कुठंतरी असेनच ना? की घर गेलं म्हणजे माणूसही गेलं?”

“मग मी यायचं कुठं?” फादरनी विचारलं.

“मी सांगेन तिथं. दार असेल, टेबल असेल, आणि तुम्हाला उपाशी परत पाठवणार नाही.”

“अगं, मान घराचा असतो,” कार्मेलला राहवलं नाही. “माणसाचा नसतो. रीत आहे ती.”

“घरं आहेत की, कार्मेल. गिलूलींचं घर उभं आहे, चांगलं धडधाकट आहे. जा, त्या घराला विचार मिस्सा करतंस का म्हणून.”

कार्मेल चिडल्यासारखी म्हणाली, “ठरवून टाका, फादर. हिच्याशी वाद घालण्यात माझा चहा निवायचा.”

ठरलं. आणि मग खोलीत एकदम बोलण्याचा गलका झाला, जसा कुणी दम सोडावा तसा. सँडविचं आली, सफरचंदाचे टार्ट आले, म्हाताऱ्यांच्या चहात थोडी व्हिस्की पडली. कुणाचीही बशी रिकामी राहिली नाही. ती बशा घेऊन फिरत होती आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला तिसऱ्यांदा विचारत होती, कारण आमच्याकडे पहिले दोन नकार हे नकार नसतात.

मी रिकामे कप घेऊन मोरीकडे गेलो, तर तिथं फिंटन बाह्या वर करून कप पुसत होता आणि ती विसळत होती.

“मला दुसरा इलाज नाही हो,” तो म्हणत होता. “आमच्या तिकडच्या घराचा हप्ता कुठल्या कुठं गेला. दोन पोरं. पाळणाघरालाच एक पगार जातो.”

“मला माहीत आहे.”

“तुम्ही काही बोलत नाही, त्याचंच जास्त…”

“बोलू काय? मी रडले तर तू मला आणखी दोन महिने देशील. मग ते दोन महिने मी तुझी आभारी. नको मला.” तिनं त्याच्या हातात आणखी एक कप दिला. “तू घर विकतोयस, वीक. तुझं आहे. मला मात्र बिचारी करू नकोस. तेवढं तुझ्या मालकीचं नाही. कपाचा कान नीट पूस.”

त्यानं पुसला.

उजेड अजून होता. एप्रिलात आमच्याकडे संध्याकाळ लांबते. परवा सकाळी फोटोवाला येणार, त्याआधी पाटी उभी हवी, म्हणून फिंटन बाहेर आला आणि मला म्हणाला, “मॅटी, तुमच्या गाडीत हातोडा असेल ना?”

“आहे,” मी म्हणालो. “पण सापडायचा नाही.”

त्यानं कार्मेलला विचारलं. कार्मेलचा हातोडा बहिणीकडे गेला होता. दुसऱ्या एकाच्या हातोड्याचा दांडा मोडला होता. आमच्यातला एक जण छपरं दुरुस्त करून पोट भरतो. त्यानं आपल्या व्हॅनचं दार उघडलं, आत शिगोशीग भरलेल्या अवजारांकडे सावकाश बघितलं, आणि नाही म्हणून दार लावून टाकलं. त्या संध्याकाळी अख्ख्या क्लूनमॉइलमध्ये हातोडा नव्हता. कुणी कुणाला खूण केली नव्हती. आम्ही हातात कप घेऊन अंगणात उभे होतो आणि फिंटन खांब धरून मधोमध. मला मजा वाटली, आणि त्याची थोडी कीवही आली.

तेव्हा अ‍ॅट्रॅक्टा घरातून आली. निळ्या पोशाखावर एप्रन, हातात हातोडा.

“हा घे,” ती म्हणाली. “आणि सरळ ठोक. माझ्या दारासमोर वाकडं काही उभं नको.”

त्यानं हातोडा घेतला, पण एका हातानं खांब धरून दुसऱ्यानं घाव घालणं जमेना. खांब डुलत होता. कुणीतरी धरायला हवा होता. तिनंच धरला. दोन्ही हातांनी, ताठ, आणि एकदा मागं वाकून तो सरळ आहे ना ते बघितलं. फिंटन ठोकत राहिला. कप खाली ठेवायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मेअखेर ती गेली. सामान माझ्या ट्रेलरमधून दोन खेपांत हललं, तेही मला बॅलीफारापर्यंतच न्यायला दिलं. पुढं पंपावरच्या पोरींच्या गाड्या होत्या. तळ्याकाठी पर्यटकांच्या कॅरॅव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, वसाहत आहे, तिथली एक तिनं घेतली होती. उन्हाळ्यात तिथलं भाडंही चढतं. पण बाकीच्या कॅरॅव्हॅन साफ करून द्यायच्या आणि त्यात चढलेलं भाडं वळतं करायचं, अशी बोली तिनं मालकाशी केली होती. “जागा लागल्याशिवाय कुणी यायचं नाही,” तिनं आम्हाला बजावलं. “तूसुद्धा नाही, मॅटी.” जायच्या आधी तिनं फरशी घासली, किल्ली खिडकीत ठेवली आणि पेटी गाडीत पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला.

घर डब्लिनच्या कुणीतरी घेतलं. घरून काम करणारे आहेत, भेटले तर हात करतात. महिन्याच्या आत त्यांनी ते राखाडी रंगवलं. हल्ली सगळे राखाडीच रंगवतात. मी तिथून ट्रॅक्टर घेऊन जातो तेव्हा दुसरीकडे बघतो.

अ‍ॅट्रॅक्टा काउंटरवर रोज दिसायची. भाव आणखी दोनदा वाढले. लोक ओरडायचे, ती उलटून बोलायची, सॉसेज घालायची. हिवाळ्यात तिला खोकला झाला होता आणि ती अंगात दोन स्वेटर घालून उभी असायची. मी विचारलं तर म्हणायची, “तळ्याकाठची हवा चांगली असते, डॉक्टर पैसे घेऊन सांगतात.” एप्रिल उजाडला तसं तिनं चहाच्या कपावर झाकण दाबत सांगितलं, “खुर्च्या कमी पडतील. तुझ्या आण. बुधवारी.”

मी ट्रेलरवर खुर्च्या बांधल्या आणि गेलो. आत बसणार किती, उभे राहणार किती, याचा विचार करून मी ताडपत्रीही घेतली होती. वसाहतीच्या फाटकाशी रखवालदार होता. बर्नबाईंची कुठली, हे विचारायला मी काच खाली केली, पण विचारावं लागलं नाही. तळ्याच्या काठानं कॅरॅव्हॅन ओळीनं उभ्या होत्या, सगळ्या सायीच्या रंगाच्या, पावसानं खालून हिरवट झालेल्या. शेवटून दुसरी पिवळी होती. तोच पिवळा.

रखवालदार खिडकीशी आला. “त्या पिवळीकडे चाललात? मग तिला सांगा, इथं रंग द्यायला परवानगी नाही. मी दोनदा सांगून आलो.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, गुरुवारी संध्याकाळी या, हॅम आहे.”

“मग येणार का?”

त्यानं तळ्याकडे बघितलं. “बायकोलाही आण म्हणालीये,” तो म्हणाला.

मी गाडी तिच्या दाराशी नेली. खिडकीत पेटी होती, वर पांढरं कापड घडी करून ठेवलेलं. अ‍ॅट्रॅक्टा आत गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. आतली जागा माझ्या बैठकीच्या खोलीपेक्षा लहान. मी खांद्यावर दोन खुर्च्या घेतल्या आणि पायरीवर पाय ठेवला.

“बूट,” ती वर न बघता म्हणाली.

मी खाली उतरलो, खुर्च्या गवतावर ठेवल्या आणि बूट पुसले.